गोधडी : लुगड्यापासून टी-शर्टपर्यंत

महाराष्ट्र आणि जयपूर यांच्या संबंधांचा इतिहास लिहू म्हटले की लेखणी आपोआप तहांकडे आणि लढायांकडे वळते. आंबेरच्या मिर्झाराजे जयसिंगांशी १६६५ मध्ये झालेला पुरंदरचा तह किंवा १७८७ मध्ये लालसोटच्या परिसरात महादजी शिंद्यांनी जयपूर-जोधपूरच्या फौजांशी दिलेली झुंज, हे प्रसंग इतिहासप्रेमी वाचकांस परिचित आहेत. परंतु ज्या कुटुंबांनी पुढे नोकरीव्यवसायाच्या निमित्ताने येथे बिऱ्हाड मांडले, येथला उन्हाळा सोसला, येथल्या थंडीशी जुळवून घेतले आणि मुलांना घरी मराठी व अंगणात हिंदी बोलावयास शिकविले, त्यांची बखर कोणी लिहिलेली नाही. त्यांचा इतिहास घरातल्या वस्तूंतच शोधावा लागतो.

आमच्या तिलक नगरातील घरांची कपाटे उघडली तर अशी एक वस्तू हटकून आढळते. ती म्हणजे कोणी घालीत नाही आणि कोणी टाकूनही देत नाही अशा टी-शर्टांचा गठ्ठा. त्यांत गणेशोत्सवातील स्वयंसेवकांचे असतात, शाळेच्या क्रीडास्पर्धेचे असतात, महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचे असतात. २००४ पासून मुंबईत भरणाऱ्या मॅरेथॉनमध्ये धावून आलेल्या भाच्याने दिलेला एखादा असतो, तर परदेशी शिकावयास गेलेल्या मुलीने पहिल्या सुटीत आणलेला तिच्या विद्यापीठाचाही असतो. घर बदलताना किंवा दिवाळीच्या साफसफाईत हा गठ्ठा बाहेर निघतो आणि प्रश्न उभा राहतो : याचे करावे तरी काय? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर आपल्या आज्यांनी फार पूर्वीच देऊन ठेवलेले आहे. त्या उत्तराचे नाव गोधडी.

देशावर कोठे तिला गोधडी म्हणतात, कोल्हापूर-साताऱ्याकडे वाकळ म्हणतात, कर्नाटकाच्या सीमेवर कौदी म्हणतात. तान्ह्या बाळासाठी तिचेच लहान रूप, ते दुपटे. तिची रचना साधी, पण मोठी हिशेबी. नऊवारी लुगड्याची चौपदरी घडी घातली की सव्वादोन वार लांबीचे, माणूस नीट झोपेल एवढे अंथरूण आयतेच तयार होते. मध्ये जुनी धोतरे व पंचे, वर खणांचे, परकरांचे, सदऱ्यांचे तुकडे, आणि मग कडेकडेने आत आत सरकत जाणारा धावदोरा. सुगी उरकली, उन्हाळा लागला, की ओसरीवर चारचौघी मिळून ती शिवावयास बसत. विकत आणावयाचा तो बहुधा दोराच. बाकी सारे घरचे. अनेकदा धुतलेल्या सुती कापडाला जो मऊपणा येतो तो कोऱ्या कापडाला कधीच येत नाही. म्हणून बाळंतिणीच्या खोलीत नव्या चादरीपेक्षा जुन्या लुगड्याच्या दुपट्याला अधिक मान असे.

ही केवळ गरिबांची काटकसर होती असे मानणे आम्हास पटत नाही. तुकडे जोडण्याला आपल्या देशात फार जुनी प्रतिष्ठा आहे. विनयपिटकातील महावग्गात अशी कथा येते की, मगधातील बांधाबांधांनी विभागलेली शेते पाहून भगवान बुद्धांनी आनंदाला तशाच आकृतीचे चीवर करता येईल का, असे विचारले. आणि कापडाचे तुकडे शेताप्रमाणे जोडलेले चीवर भिक्षूंच्या अंगावर आले. अगदी अलीकडे गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) चिंध्यांचे वस्त्र अंगावर वागविले आणि लोकांनी त्यांना ‘चिंधेबुवा’, ‘गोधडे महाराज’ अशा नावांनी ओळखले. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, सिंध आणि बाडमेर-जैसलमेरकडची रल्ली ही सारी याच कुळातील. आपल्या राजस्थानी शेजाऱ्यांची गुदडी तर नावानेही गोधडीच्या जवळची. ‘गुदडी का लाल’ या त्यांच्या वाक्प्रचारात चिंध्यांतल्या रत्नाचा जो गौरव आहे, तो आपल्यालाही सहज उमगतो.

जयपुरात आल्यावर मात्र मराठी घरातील गोधडी मागे पडली. त्याचे पहिले कारण येथील हवा. पौष-माघात रात्रीचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की सोलापुरी चादर आणि गोधडी यांचे काही चालत नाही, रजई लागते. आणि रजईचे तर हे माहेरघर. पाव किलो कापसात ऊब देणारी जयपुरी रजई हा येथील कारागिरांचा अभिमान आहे. कापूस पिंजून त्यातील कचरा व गाठी काढावयाच्या, तो मलमलीच्या किंवा सांगानेरी छापाच्या खोळीत सारखा पसरावयाचा, वेताच्या काठीने हलकेच झोडून समपातळीस आणावयाचा आणि मग तो सरकू नये म्हणून हाताने दोरे घालावयाचे. सिटी पॅलेसमधील मुबारक महालाच्या वस्त्रदालनात राजघराण्यातील ‘आतमसुख’ नावाचे कापूस भरलेले हिवाळी अंगरखे ठेवलेले आहेत. ते पाहिले म्हणजे ही कला येथे केवढ्या योग्यतेस पोचली होती हे ध्यानात येते.

दुसरे कारण कापडाचे. नऊवारी गेली, पाचवारी आली. सुताची जागा कृत्रिम धाग्याने घेतली. असले कापड घाम टिपत नाही, सुईखाली सरकते आणि झिजून मऊ होत नाही. गोधडीचा कच्चा मालच घरातून नाहीसा झाला. रजई विकत मिळते, उत्तम मिळते. परंतु तिच्यात आपल्या घरचे काही नसते. गोधडीवर हात फिरवून ‘हे आईचे हिरवे लुगडे, हा दादाचा मुंजीतला सदरा’ असे सांगता येत असे. ही वाचण्याची सोय रजईने आपल्यापासून काढून घेतली.

आणि येथेच टी-शर्ट आपल्या कामास येतो. मूळचे हे आतून घालावयाचे वस्त्र, आपल्या जुन्या गंजीफ्रॉकाचे परदेशी भावंड. अमेरिकेच्या नौदलाने १९१३ मध्ये ते खलाशांच्या गणवेशात घेतले. १९४२ च्या जुलैमध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर विमानदलाच्या प्रशिक्षण केंद्राचे नाव छापलेला टी-शर्ट घातलेला सैनिक झळकला, आणि छाती हीच पाटी करण्याची प्रथा हळूहळू जगभर पसरली. आपल्याकडे तिरुप्पूरच्या विणकाम उद्योगाने हे वस्त्र स्वस्त केले. आज कोणताही उत्सव, सहल वा स्पर्धा त्यावाचून पार पडत नाही. लुगड्याची ओळख सांगावयास माणूस लागत असे. टी-शर्ट स्वतःच वर्ष, गाव आणि प्रसंग सांगतो. तो बहुधा सुती असतो, अनेक धुण्यांनी मऊ झालेला असतो. जुन्या लुगड्याचे सारे गुण त्यात आहेत. अमेरिकेत अशा टी-शर्टांच्या आठवणीच्या गोधड्या शिवून घेण्याची चाल रूढ झालेली आहे आणि शिक्षण संपवून घराबाहेर पडणाऱ्या मुलांना त्या भेट दिल्या जातात.

तथापि टी-शर्टाच्या या बोलकेपणात एक उणीव आहे. त्यावर संस्थेचे नाव असते, घालणाऱ्याचे नसते. नावाचे मोल काय असते, हे जगाला एका गोधडीनेच शिकविले. एड्सने मृत्यू पावलेल्यांची नावे घेण्यास समाज कचरत होता, त्या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लीव्ह जोन्स यांनी १९८५ मध्ये एक कल्पना मांडली आणि १९८७ मध्ये ती कापडावर उतरली. प्रत्येक मृतासाठी तीन फूट रुंद व सहा फूट लांब, म्हणजे साधारण थडग्याएवढा, कापडी पट त्याच्या आप्तांनी शिवावयाचा. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये असे १,९२० पट अंथरले गेले. आज त्यांची संख्या सुमारे ५०,००० असून त्यांवर १,१०,००० हून अधिक नावे आहेत, आणि साऱ्या गोधडीचे वजन ५४ टन भरते. त्या पटांत मृतांचे सदरे आहेत, विजारी आहेत, टी-शर्टही आहेत. परंतु ज्यामुळे ती गोधडी इतिहास झाली ती गोष्ट म्हणजे तीवर शिवलेली नावे.

आपल्या आज्यांच्या गोधड्यांवर कोणाचेच नाव नाही. जिने शिवली तिचे नाही, ज्यांची वस्त्रे त्यांचेही नाही. सांगणारे माणूस गेले की गोधडी मुकी होते. मागे उरते ते फक्त जुने पटकूर. पुष्कळ घरांत असेच घडले आहे. म्हणून टी-शर्टांची गोधडी शिवावयाची ती नावानिशी शिवावी, असा आमचा आग्रह आहे.

शिवण्याची रीत थोडक्यात सांगतो. टी-शर्टाचे कापड विणीचे असल्याने ताणले जाते. ते तसेच जोडले तर चौकोन वेडेवाकडे होतात. म्हणून प्रथम ते धुवून वाळवावे, छापाचा भाग थोडा मोठाच कापून घ्यावा आणि उलट बाजूस गरम इस्त्रीने चिकटणारे पातळ अस्तर लावावे. छापावर इस्त्री थेट फिरवू नये, मध्ये सुती फडके धरावे. मग पंधरा इंचांचे सारखे चौकोन कापावेत. चारी बाजूंस अर्धा इंच शिवणीत गेला की चौदा इंच उरतात. चार उभ्या व पाच आडव्या ओळींत वीस टी-शर्ट बसतात आणि छप्पन्न इंच रुंद, सत्तर इंच लांब अशी एका माणसाची गोधडी होते. आत जुनी सुती चादर किंवा पातळ रुईचा थर आणि पाठीला सांगानेरी किंवा बगरूचे छापील कापड घालावे. टाका मात्र आजीचाच, कडेकडेने आत जाणारा धावदोरा. पाठीच्या बाजूस प्रत्येक चौकोनामागे साखळीटाक्याने तीन गोष्टी काढाव्यात : घालणाऱ्याचे नाव, वर्ष आणि शिवणारीचे किंवा शिवणाऱ्याचे नाव.

आठवणीच्या वस्त्राला कात्री कशी लावावी, असा आक्षेप काही घरांतून येतो. त्यामागील भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु घडी घालून ठेवलेल्या वस्त्राची दशा आपण पाहतोच. त्याला घडीवर पिवळे डाग पडतात, कसर लागते, आणि अखेर ज्याला त्याची आठवण नाही अशा हातांनी ते फरशी पुसण्याच्या बादलीत पडते. कात्रीने आठवण तुटत नाही. ती विस्मरणाने तुटते. गोधडीचा धर्मच असा की जे जपावयाचे ते वापरून जपावे. अंगावर घेतलेली वस्तू मुले विचारतात, आणि विचारल्यावर सांगावे लागते.

आपले मंडळ या वर्षी पन्नास वर्षांचे होत आहे. कार्यवृत्तात पदाधिकाऱ्यांची नावे येतील. ती यावयासच हवीत. परंतु ज्यांनी प्रसादाच्या पंगती वाढल्या, खुर्च्या मांडल्या व उचलल्या, नाटकाच्या पडद्यामागे दोऱ्या ओढल्या, त्यांची नावे कोणत्या वहीत आहेत? त्यांचे टी-शर्ट आपल्याच कपाटांत आहेत. सुईदोऱ्याची सवय असलेले हात आपल्यात अजून आहेत, परंतु त्यांपैकी बरेच आता सत्तरीपलीकडचे आहेत आणि त्यांना सुईत दोरा ओवून देण्यास तरुण डोळे हवे आहेत. येत्या उन्हाळ्यात दोन्ही पिढ्यांनी एका सतरंजीवर बसावे, एवढीच आमची विनंती. मंडळाच्या शतकमहोत्सवात जे जमतील, त्यांना ती गोधडी पालथी करून आपली सारी नावे वाचता यावीत.