सोलापूर जिल्ह्यातील वाइन द्राक्षशेती

सोलापूर या अवर्षणप्रवण जिल्ह्यात अकलूज (ता. माळशिरस) परिसरात वाइनसाठी द्राक्षांची लागवड केली जाते. भारतीय व इटालियन भागीदारांनी स्थापन केलेली फ्राटेली ही वाइननिर्मिती कंपनी येथेच आहे.

उंची आणि हंगाम

अर्जेंटिनातील काफायाते या सुमारे १,७०० मीटर उंचीवरील कोरड्या प्रदेशात प्रखर अतिनील किरणांमुळे द्राक्षांची साल जाड होते. वाइनचा रंग व तुरटपणा वाढतो. थंड रात्रींमुळे आम्लता टिकते. सोलापूरची उंची सुमारे ४६० मीटरच असल्याने येथे थंड रात्रींचा लाभ हंगामातून मिळवतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी केल्याने घड हिवाळ्यात वाढतात. काढणी लांबून उन्हाळा लागल्यास साखर झपाट्याने वाढते, आम्लता घटते. परिणामी वाइन अधिक मद्यार्कयुक्त, पण चवीला सपक होते.