खर्ज सर्वांपर्यंत पोहोचवताना : मैफलीतील सबवूफरची मांडणी

खुल्या मैदानावरील मैफलीत एकाच दराचे तिकीट काढलेल्या दोन श्रोत्यांना एकच गाणे वेगवेगळे ऐकू येऊ शकते. मध्यभागी उभ्या असलेल्याच्या छातीत ड्रमचा ठोका घुमतो. तेथून पाच-सहा मीटरवरच्याला तोच ठोका पोकळ वाटतो. दोष बहुधा वादकाचा नसतो, सबवूफर कोठे ठेवले आहेत याचा असतो. सुमारे ३० ते १०० हर्ट्झ या पट्ट्यातील खर्ज, म्हणजेच साऊंडवाल्यांच्या भाषेतील ‘बेस’, निर्माण करणारा ध्वनिक्षेपक म्हणजे सबवूफर.

दोन बाजूंची मांडणी

ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्यामुळे ६० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ५.७ मीटर भरते. मंचाच्या डाव्या व उजव्या बाजूला सबवूफर रचले, की मध्यरेषेवर दोन्हींकडील लहरी एकाच वेळी पोहोचून एकमेकींना बळ देतात. बाजूला सरकल्यावर दोन्ही अंतरांत फरक पडतो. हा फरक तरंगलांबीच्या निम्मा झाला, की एकीचा चढ दुसरीच्या उतारावर येतो आणि ध्वनी क्षीण होतो.

दोन रचनांमध्ये १२ मीटर अंतर आहे आणि श्रोता मंचापासून २० मीटरवर आहे, असे समजू. मध्यरेषेपासून सुमारे ५ मीटरवर ६० हर्ट्झचा ध्वनी हरवतो, तर ४० हर्ट्झचा सुमारे ८ मीटरवर. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर ४१ हर्ट्झचा असतो. म्हणजे जागा बदलली की हरवणारा स्वरही बदलतो. इक्वलायझरने ही पोकळी भरत नाही, कारण आवाज वाढवला तरी दोन्ही लहरी सारख्याच वाढतात. पेट्यांची संख्या वाढवूनही हेच घडते.

उपाय

पहिला उपाय म्हणजे सर्व सबवूफर मंचासमोर मध्यभागी एकत्र ठेवणे. मोठ्या मैदानासाठी मंचाच्या रुंदीभर एका ओळीत समान अंतराने पेट्या मांडतात. लगतच्या पेट्यांच्या केंद्रांतील अंतर वापरातील सर्वोच्च कंप्रतेच्या निम्म्या तरंगलांबीहून कमी हवे. १०० हर्ट्झसाठी ही मर्यादा १.७ मीटर आहे. ओळ लांबली की ध्वनी समोरच एकवटतो. म्हणून कडेकडच्या पेट्यांना क्रमाने थोडा अधिक विलंब देतात. त्यामुळे सरळ ओळ कमानीसारखी वागते आणि खर्ज दोन्ही अंगांना पसरतो. एक मीटर अंतरासाठी २.९ मिलिसेकंद, हा हिशेब येथे उपयोगी पडतो.

मंचावर येणारा खर्ज रोखण्यासाठी ‘कार्डिऑइड’ रचना करतात. एकीमागे एक अशा दोन पेट्यांत ६० हर्ट्झसाठी पाव तरंगलांबी, म्हणजे १.४३ मीटर अंतर ठेवतात. मागच्या पेटीची ध्रुवता उलट करून तिला ४.२ मिलिसेकंद विलंब देतात. मागील बाजूस दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात, पुढे मात्र जुळतात. गायकाच्या मायक्रोफोनमध्ये शिरणारी घरघर यामुळे घटते.

शेजाऱ्यांचा प्रश्न

याच रचनेचा लाभ मंचामागील वस्तीलाही होतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. ती ‘ए’ भारांकनाने मोजतात आणि त्यात ६३ हर्ट्झचा ध्वनी २६ डेसिबलने कमी धरला जातो. भिंतीही खर्जाला फारशा अडवत नाहीत. मापकावरचा आकडा मर्यादेत असूनही घरातील खिडक्या थरथरतात, त्या यामुळेच.

म्हणून अनुभवी ध्वनिसंयोजक प्रेक्षक येण्यापूर्वी एकाच कंप्रतेचा ध्वनी सुरू ठेवून संपूर्ण मैदान पायी फिरतो. पोकळी कोठे आहे हे त्याला तेव्हाच कळते आणि पेट्या हलवायला वेळही तेव्हाच असतो.