खेळाचे मैदान आणि धर्म : नियम काय, व्यवहार काय?

शतकानंतर मैदानावर माथा टेकणे, गोल केल्यावर क्रूसाची खूण करणे, हिजाब किंवा पगडी बांधून खेळणे, बॅटवर ॐ लावणे हे सगळे धार्मिक अभिव्यक्तीचेच प्रकार आहेत. व्यावसायिक खेळात यातले काय चालते, काय चालत नाही आणि का, याची थोडक्यात माहिती आम्ही येथे देत आहोत.

नियम

ऑलिंपिक सनदेचा नियम ५० स्पर्धेच्या ठिकाणी राजकीय, धार्मिक वा वांशिक प्रचाराला मनाई करतो. फुटबॉलच्या नियमांनुसार खेळाडूच्या पोशाखावर राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक घोषणा चालत नाहीत. क्रिकेटमध्ये आयसीसीही अशा कारणांसाठीच्या संदेशांना परवानगी देत नाही. मात्र क्षणभर हात जोडणे किंवा आकाशाकडे पाहणे याला सहसा कोणी अडवत नाही.

पोशाखाचा प्रश्न

२०११ मध्ये इराणच्या महिला फुटबॉल संघाला डोके झाकल्यामुळे ऑलिंपिक पात्रता सामना खेळू दिला नाही. २०१४ मध्ये फुटबॉलने डोक्यावरील वस्त्राला परवानगी दिली. त्याच वर्षी चीनमधील बास्केटबॉल स्पर्धेत दोन भारतीय शीख खेळाडूंना पगडी उतरवावी लागली. तो नियम २०१७ मध्ये बदलला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये (२०२४) फ्रान्सने मात्र धर्मनिरपेक्षतेच्या नावाखाली स्वतःच्या खेळाडूंना हिजाबची मनाई केली. इतर देशांच्या खेळाडू त्याच स्पर्धेत हिजाब घालून खेळू शकत होत्या.

सर्वांना एकच माप?

डिसेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजाला बुटांवर ‘सर्वांचे जीव समान आहेत’ अशा अर्थाचे शब्द घालून खेळू दिले नाही. दंडावरील काळ्या फितीबद्दल त्याला समज मिळाली. नंतर कबुतराचे चिन्हही नाकारले गेले. त्याच्याच संघातील मार्नस लाबुशेनच्या बॅटवर बायबलमधील वचनाशी जोडलेले गरुडाचे चिन्ह होते आणि दक्षिण आफ्रिकेच्या केशव महाराजच्या बॅटवर ॐ होते. ती दोन्ही चालली. नियम कागदावर एक असला तरी तो कोणाला लागू होतो, हा वाद इथूनच सुरू होतो.

बौद्ध खेळाडू

इटलीचा रॉबेर्तो बाज्जो कॅथॉलिक कुटुंबात जन्मला आणि उमेदीच्या काळात त्याने निचिरेन परंपरेचा बौद्ध धम्म स्वीकारला. कॅथॉलिक बहुसंख्येच्या देशात तो बौद्ध म्हणून उघडपणे वावरला आणि १९९४ च्या विश्वचषकात त्याच संघाचा आधारस्तंभ ठरला.

आपल्याकडे

मुंबईच्या चौरंगी आणि नंतरच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांत संघच धर्मावर उभे होते. हे सामने १९४६ मध्ये बंद झाले. त्याच हिंदू संघासाठी खेळणाऱ्या पालवणकर बाळूंना पुण्यात चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळत असे. धर्माच्या नावाने संघ एक झाला तरी जात मागे राहिली नाही. बाळूंना संघाचे रीतसर कर्णधारपद कधीच मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले.

आजचे चित्रही पाहा. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत नाबाद १२७ धावा करून जेमिमा रॉड्रिग्जने येशूचे आभार मानले, तेव्हा समाजमाध्यमांवर तिच्यावर टीका झाली. त्याच वर्षी रमजानमध्ये सामना सुरू असताना पेय घेतले म्हणून एका मौलवींनी मोहम्मद शमीला दोषी ठरवले. एकीला श्रद्धा दाखवल्याबद्दल बोलणी खावी लागली, दुसऱ्याला ती न पाळल्याबद्दल. बहुसंख्याकांचे विधी मात्र ‘परंपरा’ म्हणून खपतात. तालमीत मारुतीला नमस्कार करूनच मातीत उतरायचे, खंडेनवमीला खेळाच्या साहित्याची पूजा करायची, हे कोणाला धार्मिक वाटतच नाही.

आमचे मत

बावीस प्रतिज्ञा पाळणाऱ्या घरातील मुलगा तालमीत जातो तेव्हा त्याच्यासमोर हाच प्रश्न उभा राहतो. संविधानाचा अनुच्छेद २५ सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देतो. त्यात पूजा न करण्याचे स्वातंत्र्यही येते. म्हणून आम्हाला तीन गोष्टी आवश्यक वाटतात. खेळाडूच्या वैयक्तिक श्रद्धेला, इतरांना इजा वा अडथळा होत नसेल तर, मोकळीक असावी. चिन्हांबाबतचा नियम प्रत्येक धर्माला सारखाच लागावा. आणि सामूहिक विधीत सहभागी न होणाऱ्या खेळाडूची निवड, सराव किंवा मान यांवर त्याचा परिणाम होऊ नये. पालकांनी प्रवेश घेतानाच प्रशिक्षकांशी याबद्दल स्पष्ट बोलावे. मूल एकटे पडण्याआधी बोललेले बरे.