मसुरीचा सीझन

आमच्या गिरगावातल्या वाडीशेजारचे अंकल तरुणपणी डान्स बँडमध्ये ट्रंपेट वाजवत. मी त्यांच्याकडे जाऊन बसू लागले तेव्हा पुढचे दात पडल्यामुळे वाजवणं कधीच सुटलं होतं. बोलणं मात्र सगळं बँडचंच.

गोव्याहून मुंबईत आलेला पोरगा आधी आपल्या गावच्या कुडात, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक वसतिगृहात उतरायचा. धोबीतलावच्या जेर महालात असे कितीतरी कूड होते. माणशी एक पेटी ठेवण्यापुरती जागा, रात्री अंथरायला चटई, संध्याकाळी आल्तारासमोर सगळ्यांनी मिळून म्हटलेला तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. काम नसलं तरी गाववाले सांभाळून घेत. अंकलनी तिथेच दिवस काढले आणि मग मसुरीच्या एका हॉटेलातून सीझनपुरतं बोलावणं आलं.

तिथल्या थंडीत पितळी माउथपीस ओठाला चावायचा. म्हणून तो रुमालात गुंडाळून पँटच्या खिशात ठेवायचा आणि वाजवायच्या क्षणी बाहेर काढायचा. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट, पुन्हा वॉल्ट्झ. साहेबलोक दमेपर्यंत थांबायचं नाही. अंगात झोकदार काळा कोट, पण जेवण मागच्या दाराने. “ओठ गेला की आपण गेलो,” अंकल म्हणत. पाहुणे डोंगर उतरले की पगार बंद, पुन्हा कूड.

या पोरांना तारलं ते चर्चच्या शाळेनं. पोर्तुगीज अमदानीत गावोगावचे मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, लहानपणीच सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) घोटून घेत, हातात व्हायोलिन देत. पुढे कुठलाही कागद समोर आला तरी ही पोरं तो पाहताक्षणी वाजवत. लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारे गोव्याचेच सेबॅस्टियन डिसोझा फाळणीनंतर मुंबईत आले आणि ओ. पी. नय्यर, शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्ययोजना लिहू लागले. चाल संगीतकाराची; पण व्हायोलिनांनी कुठे उसळायचं, ट्रंपेटनी कुठे उत्तर द्यायचं, हे असे अरेंजर लिहीत. सिनेसंगीताच्या सुवर्णकाळाचे गोडवे गाताना आपण त्यांना विसरतो, याचा मला राग येतो. 1949च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईच्या हॉटेलांतली रया गेली, तेव्हा बँडवाल्यांना सिनेमाच्या स्टुडिओंचाच मोठा आधार झाला.

1951मध्ये ‘अलबेला’ आला. सी. रामचंद्रांचं संगीत, आणि पडद्यावर गोव्यातल्या हळदोण्याचा ट्रंपेटवाला चिक चॉकलेट आपल्या बँडसकट! पब्लिक भगवानदादांच्या नाचावर पैसे उधळत होतं. अंकल आणि कुडातली पोरं मात्र बाकावर उभी राहून पडद्यावरच्या वाजवणाऱ्यांना नावानिशी हाका मारत होती.