कौल, मणी
(२५ डिसेंबर १९४४ – ६ जुलै २०११). भारतीय चित्रपट-दिग्दर्शक, माहितीपटकार, ध्रुपदाचे अभ्यासक व चित्रपटकलेचे शिक्षक. जन्म राजस्थानातील जोधपूर येथे, मूळच्या काश्मिरी कुटुंबात. मूळ नाव रवींद्रनाथ. हिंदी चित्रपट-दिग्दर्शक महेश कौल हे त्यांचे काका. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी प्रथम अभिनयासाठी प्रवेश घेतला आणि नंतर दिग्दर्शनाकडे वळून १९६६ मध्ये अभ्यासक्रम पूर्ण केला. त्या काळात बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक तेथे शिकवत होते. पुढे दिग्दर्शक झालेले कुमार शहानी व जॉन अब्राहम हेही घटकांचेच विद्यार्थी. मात्र कौल यांच्या पडद्यावर घटकांचा भावनावेग फारसा उतरला नाही. फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांचा संयम त्यांना अधिक जवळचा वाटला.

फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या साहाय्याने त्यांनी ‘उसकी रोटी’ (१९६९) हा पहिला कथापट केला. मोहन राकेश यांच्या कथेवर आधारलेल्या या चित्रपटात बस चालवणाऱ्या नवऱ्याची भाकर घेऊन महामार्गावर ताटकळत उभी राहणारी बालो हीच जवळजवळ सगळी घटना आहे. छायालेखक के. के. महाजन यांनी प्रामुख्याने २८ व १३५ मिलिमीटर अशी दोनच भिंगे वापरली. पहिल्यात दूरचे-जवळचे सारे स्पष्ट दिसते, दुसऱ्यात पार्श्वभूमी पुसट होते. एका भिंगात प्रत्यक्ष घडणारे आणि दुसऱ्यात बालोच्या मनातले, अशी विभागणी सुरुवातीस दिसते. पुढे तीही जाणीवपूर्वक ढिली केली आहे. चौकटींच्या रचनेवर अमृता शेरगिल यांच्या चित्रांचा ठसा आहे. महाजन यांना या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. काहींनी या चित्रपटास हिंदी समांतर चित्रपटाचा आरंभ मानले, तर काहींना तो असह्य संथ वाटला.

‘आषाढ का एक दिन’ (१९७१) हा राकेश यांच्याच नाटकावर आधारलेला. त्यातील कालिदासाची भूमिका पुढे दिग्दर्शक व मराठी लेखक म्हणून परिचित झालेल्या अरुण खोपकर यांनी, तर मल्लिकेची रेखा सबनीस यांनी केली.

‘दुविधा’ (१९७३) विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवरून, देथांच्याच बोरुंदा गावी चित्रित झाला. चित्रकार अकबर पदमसी यांनी त्यास अर्थसाहाय्य केले व त्यांची कन्या रईसा हिने नववधूची भूमिका केली. छायालेखन नवरोज काँट्रॅक्टर यांचे. स्थिर चौकटी, मोजके बोलणे व लोकसंगीत यांतून सांगितलेली ही भुताच्या प्रेमाची गोष्ट दिग्दर्शनाच्या राष्ट्रीय पुरस्कारास पात्र ठरली. सत्यजित राय यांनी मात्र १९७४ मधील एका लेखात तिच्यावर कठोर टीका केली. हीच कथा अमोल पालेकर यांनी २००५ मध्ये ‘पहेली’ या नावाने पडद्यावर आणली. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिल्यास कथा आणि चित्रपट या किती निराळ्या वस्तू आहेत, हे सहज ध्यानात येते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने ‘घाशीराम कोतवाल’ (१९७६) विशेष महत्त्वाचा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ ही सहकारी संस्था काढून हा मराठी चित्रपट केला. पटकथा विजय तेंडुलकर यांची, त्यांच्याच त्याच नावाच्या नाटकावरून; संगीत भास्कर चंदावरकर यांचे. नाना फडणविसांच्या भूमिकेत नाटकाप्रमाणेच मोहन आगाशे होते. घाशीराम मात्र ओम पुरी यांनी केला व चित्रपटातील त्यांची कारकीर्द येथून सुरू झाली. नाटकाचे चित्रीकरण एवढाच हेतू नव्हता. नाटकात पडदा म्हणून उभी राहणारी माणसांची भिंत येथे नाही. उघड्या माळावर, वाड्यांत व घाटांवर सत्तेचा वावर दाखवण्याचा प्रयत्न आहे आणि शेवट सुमारे दहा मिनिटांच्या अखंड शॉटने होतो. आणीबाणीच्या वर्षी झालेल्या या चित्रपटात पेशवाईआडून वर्तमानाकडे केलेला निर्देश लपत नाही. दिग्दर्शनाच्या श्रेयात कौल यांच्यासह के. हरिहरन, कमल स्वरूप व सईद मिर्झा अशी नावे येतात. काही चित्रसूचींत तो कौल यांच्या नावावर दिसतो, काहींत दिसत नाही. तो सामूहिक कृती म्हणून नोंदवणेच रास्त. बर्लिनच्या आर्सेनाल संस्थेत जपलेल्या प्रतीमुळे तो पुन्हा पाहता येऊ लागला.

‘सतह से उठता आदमी’ (१९८०) हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध यांच्या लेखनावर आधारलेला आहे. मुक्तिबोधांची मातृभाषा मराठी; कवी-समीक्षक शरच्चंद्र मुक्तिबोध हे त्यांचे धाकटे बंधू. मध्य प्रदेश शासनाच्या कला परिषदेने निर्मिलेला हा चित्रपट १९८१ च्या कान महोत्सवात दाखवला गेला.

ध्रुपद : कौल यांच्या कामाची किल्ली येथे आहे. रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे त्यांनी ध्रुपदाची रीतसर तालीम घेतली. पुढे उस्तादांचे बंधू झिया फरिदुद्दीन डागर यांचेही मार्गदर्शन लाभले. मोहिउद्दीन डागरांनी पनवेलजवळ पळस्पे येथे गुरुकुल उभारले होते, त्यामुळे या परंपरेचा एक धागा महाराष्ट्रात रुजला. ‘ध्रुपद’ (१९८२) हा फिल्म्स डिव्हिजनसाठी केलेला माहितीपट या दोन्ही बंधूंवर आहे, पण त्यात चरित्र जवळजवळ नाही. आलापात स्वर एका जागी थांबत नाही, मींडेने पुढच्या स्वरात शिरतो, दोन स्वरांमधली जागा हीच गाण्याची जागा ठरते. कौल यांनी हे तत्त्व कॅमेऱ्याच्या चालीला लावले. जुन्या वास्तूंवरून सरकणारा कॅमेरा शेवटी मुंबईच्या दाट वस्तीवर येतो व लांबलचक शॉटमध्ये तिच्यावरून फिरत राहतो. स्वराला स्थिर बिंदू नसेल तर चित्रालाही एक केंद्र कशाला हवे, हा त्यांचा प्रश्न होता. ‘सीन फ्रॉम नोव्हेअर’ या निबंधात त्यांनी यथार्थदर्शनाच्या युरोपीय परंपरेवर हाच आक्षेप सविस्तर मांडला. भारतीय चित्रपटविचारात इतके मूलगामी लेखन थोडे आहे. कौल यांना केवळ ब्रेसाँचे अनुयायी ठरवणारी समीक्षा हा भाग वगळते, म्हणून ती अपुरी राहते.

इतर माहितीपट : ‘फॉर्म्स अँड डिझाइन’ (१९६८), ‘द नोमॅड पपेटिअर’ (१९७४), ‘चित्रकथी’ (१९७७), मुंबईत येणारा माल व मजूर यांवरील ‘अरायव्हल’ (१९८०), मृत्तिकाकलेवरील ‘माटी मानस’ (१९८४). बनारसच्या ठुमरी गायिका सिद्धेश्वरीदेवी यांच्यावरील ‘सिद्धेश्वरी’त (१९८९) मीता वशिष्ठ यांची भूमिका असून हा चित्रपटही राष्ट्रीय पुरस्काराने गौरवला गेला.

उत्तरकाळ : दोस्तोयेव्हस्कीच्या कथेवरून ‘नजर’ व कादंबरीवरून दूरदर्शनसाठी चार भागांची ‘इडियट’ ही मालिका, तीत शाहरुख खान होते. विनोदकुमार शुक्ल यांच्या कादंबरीवरून ‘नौकर की कमीज’ (१९९९).

अध्यापन : कौल काही वर्षे नेदरलँड्समध्ये राहिले व तेथे संगीतही शिकवले. २०००-०१ मध्ये ते हार्वर्ड विद्यापीठात अभ्यागत व्याख्याते होते. पुण्याच्या संस्थेत व अन्यत्र त्यांनी कार्यशाळा घेतल्या. नंतर मुंबईच्या ओशियान या कलासंस्थेच्या फिल्म हाउसचे ते सर्जनशील संचालक झाले. चौकट आधी सजवून मग चित्रित करण्याच्या सवयीला त्यांचा विरोध होता. ‘नौकर की कमीज’च्या वेळी छायालेखकाने दृश्यदर्शकातून न पाहता कॅमेरा चालवावा, असा त्यांचा आग्रह असे. हा विक्षिप्तपणा नव्हता. गायक जसा पुढचा स्वर आधी पाहून ठेवत नाही, तशी सावधता त्यांना कॅमेऱ्यामागच्या माणसात हवी होती. कवी उदयन वाजपेयी यांच्याशी झालेल्या संवादाचे ‘अभेद आकाश’ हे हिंदी पुस्तक या विचारांचा उत्तम आधार आहे. त्याचा इंग्रजी अनुवाद दिग्दर्शक गुरविंदर सिंग यांनी केला. सिंग यांच्या ‘अन्हे घोडे दा दान’ (२०११) या पंजाबी चित्रपटाच्या निर्मितीत कौल यांचा सर्जनशील सहभाग होता. हा चित्रपट त्यांच्या मृत्यूनंतर व्हेनिस महोत्सवात दाखवला गेला आणि सिंग यांना दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

कौल १९७१ च्या बर्लिन महोत्सवाचे परीक्षक होते. कर्करोगाने गुडगाव येथे त्यांचे निधन झाले.