खिचडीचा इतिहास आणि आम्ही

त्र्यंबकेश्वरच्या डोंगरउतारावर भात, नागली, वरई पिकते. इथल्या गरिबाचे रोजचे जेवण, चूल कोणाचीही असो, डाळ-भात, भाकरी आणि रानभाजी. तरी मुसलमान म्हणजे मांसाहारी, हा समज रूढ आहे. खंत ही, की आम्हीही तो खरा मानून बसलो.

इतिहास वेगळे सांगतो. चौदाव्या शतकात इब्न बतूता लिहितो, इथले लोक मूग-तांदळाची खिचडी तुपाबरोबर न्याहारीला खातात. त्याला मायदेशीचा हरीरा आठवला. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त बिनमांसाच्या पदार्थांना ‘सूफियाना’ म्हटले असून खिचडीचे प्रमाणही दिले आहे: तांदूळ, डाळ, तूप प्रत्येकी ५ शेर.

उलट, तेराव्या शतकात निवृत्तिनाथांनी त्र्यंबकला समाधी घेतली तेव्हा इथल्या वरणात मिरची नव्हती. मिरची आणि बटाटा पुढे पोर्तुगीजांबरोबर आले. मग या ताटातले मूळचे कोण आणि परके कोण?

२८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शाळांत शिजवलेले अन्न देणे बंधनकारक झाले. उर्दू शाळा असो वा मराठी, मुलांच्या ताटात तीच खिचडी पडली. आम्ही शिक्षकांनी ती वाढताना तिचा हा इतिहासही सांगायला हवा.