मंडळी : टिळकांचा संसार आणि मराठी ख्रिस्ती उपासनेची भाषा

साताऱ्याहून पूर्वेस निघालेला रस्ता माण तालुक्याचा कोरडा मुलूख ओलांडून पंढरपुरास पोहोचतो. पुसेगाव, गोंदवले आणि म्हसवड ही त्यावरील गावे होत. म्हसवडास माणगंगेच्या काठी सिद्धनाथाचे देवस्थान असून मार्गशीर्षात तेथे रथ निघतो. गोंदवल्यास ब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५–१९१३) संसारी माणसास संसार न टाकता नामस्मरण साधता येते, हेच जन्मभर सांगितले. या प्रदेशातील सामान्य कुटुंबाची श्रद्धा ग्रंथांपेक्षा यात्रेत, भजनात आणि घरच्या नेमधर्मात अधिक नांदत आली आहे. याच रस्त्याच्या दोन टोकांशी एका कुटुंबाच्या दोन अवस्था निगडित आहेत. १८९५ नंतरच्या ताटातुटीतील बराच काळ लक्ष्मीबाई टिळक यांनी पंढरपुरास आप्तांच्या आश्रयाने काढला. आणि १९१७ मध्ये नारायण वामन टिळक यांनी आपला अखेरचा संसार साताऱ्यास मांडला. या दोन अवस्थांच्या दरम्यान मराठी ख्रिस्ती उपासनेच्या भाषेस जे रूप आले, त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

ख्रिस्ती उपासनागीतांचा इतिहास सामान्यतः संस्थांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मिशनचे छापखाने, गीतसंग्रहांच्या आवृत्त्या आणि धर्मोपदेशकांच्या नेमणुका ही त्याची साधने असतात. ती आवश्यकच आहेत. तथापि उपासनेत गाइली जाणारी भाषा ही कोणाच्या तरी घरात बोलली जाणारी भाषा असते. उपासना चालविणारा पाळक देवळाच्या पायऱ्या उतरून ज्या घरी जातो, तेथे कोण काय शिजविते, पाणी कोणाच्या हातचे चालते, महिन्याअखेरीस पैसे उरतात की नाही, या प्रश्नांपासून त्याचे गीत अलिप्त राहू शकत नाही. टिळक दांपत्याच्या बाबतीत हा संबंध विशेष स्पष्टपणे पाहता येतो. कारण लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनामुळे त्या घराचा अंतर्भाग वाचकांस खुला झाला आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात अशी. मराठीत ख्रिस्ती भक्तिकाव्याचा आरंभ फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ने, म्हणजे इ. स. १६१६ मध्ये झाला. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ गोमंतकातील नवख्रिस्तींकरिता रचलेला होता. देशावरील प्रॉटेस्टंट परंपरा मात्र त्याच्याशी जोडलेली नाही. ती १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांपासून सुरू होते. १८३१ मध्ये अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) आणि १८४९ मध्ये साताऱ्यास या मिशनची ठाणी झाली. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले होते. म्हणजे छत्रपतींच्या राजधानीत दरबार संपल्यावर अवघ्या वर्षभरात तेथे ख्रिस्ती मंडळीचे काम सुरू झाले.

या मंडळीपुढे आरंभापासून गाण्याचा प्रश्न होता. इंग्रजी उपासनागीते चालींसह भाषांतरित करणे हा पहिला मार्ग. पण त्यात भाषेची मूलभूत अडचण होती. इंग्रजी पद्याचा डोलारा आघातावर उभा असतो. मराठी शब्दांत अर्थभेद करणारा असा आघात नाही; मराठी पद्य अक्षरांच्या किंवा मात्रांच्या मोजणीवर चालते. आघातयुक्त स्वरावर मराठीतील एखादा दुर्बल प्रत्यय आला म्हणजे ओळ व्याकरणदृष्ट्या शुद्ध असूनही कानास परकी वाटते. शिवाय मराठी बोलण्यात शब्दान्तीचा ‘अ’ उच्चारला जात नाही. ‘देव’, ‘पाप’, ‘प्रेम’ हे शब्द बोलताना एकाक्षरी, लिहिताना द्व्यक्षरी. ओवी-अभंगाच्या गायनात हा लुप्त ‘अ’ सहज परत येतो, आणि श्रोत्यास ते खटकत नाही. कारण जात्यावरच्या ओवीपासून त्याच्या कानास ती सवय असते. प्रत्येक अक्षरास एक ठरावीक सूर नेमून देणाऱ्या पाश्चात्त्य चालीत मात्र तोच ‘अ’ कधी ओढला जातो, कधी गिळला जातो.

दुसरी अडचण साक्षरतेची होती. गीतपुस्तक हाती धरून गाणे हे अक्षरओळख असणाऱ्यांचे काम. ग्रामीण मंडळीतील बहुसंख्य सभासदांना ती नव्हती. अभंगाची रचना याउलट आहे. मोठ्या अभंगाच्या कडव्यात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असून दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक असते. धृपद सर्वांनी उचलून धरावयाचे, पुढचे एकाने म्हणावयाचे. ज्यास वाचता येत नाही त्यासही कानाच्या आधाराने त्यात सामील होता येते. अहमदनगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी हे ओळखून देशी चालीची पदे रचली आणि ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा रुजविण्यात पुढाकार घेतला. पूर्वरंगात तत्त्वनिरूपण आणि उत्तररंगात आख्यान हा कीर्तनाचा परिचित साचा तसाच ठेवून आख्यानाच्या जागी शुभवर्तमानातील कथा आली. टिळक या परंपरेचे आद्य प्रवर्तक नव्हेत, हे म्हणूनच प्रथम नोंदविले पाहिजे. त्यांनी जे केले ते निराळे आहे, आणि ते समजण्यासाठी त्यांच्या घराकडे वळावे लागते.

टिळकांचा जन्म १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. संस्कृतचे अध्ययन, कीर्तन, कविता आणि नियतकालिके यांत त्यांचे तारुण्य गेले. आगगाडीच्या एका प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीस त्यांनी विश्वासात घेतले नव्हते. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने त्या दिवशी पती जिवंत असून संसार संपला. पुढील काही वर्षे मुलासह त्यांनी माहेरच्या आप्तांकडे काढली. त्यांतील पंढरपूरचे वास्तव्य अर्थपूर्ण आहे. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे टिळकांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. ज्या क्षेत्राच्या कवीने त्यांना तो पूल बांधून दिला, त्याच क्षेत्री त्यांची पत्नी त्या पुलावरून जाण्यास नकार देऊन राहिली होती.

हा नकार अज्ञानाचा किंवा हट्टाचा म्हणून बाजूस सारता येत नाही. लक्ष्मीबाई पुढे नगरास पतीजवळ आल्या, तेव्हाही आपला आचार सांभाळून, स्वयंपाकपाणी वेगळे ठेवून राहिल्या. एकाच कुटुंबात दोन चुली आणि दोन उपासना काही काळ चालल्या. टिळकांनी आचार सोडण्याची सक्ती केली नाही, आणि लक्ष्मीबाईंनी पटल्यावाचून पाऊल उचलले नाही. जातिभेद मनुष्यकृत आहे ही जाणीव त्यांना उपदेशाने झाली नाही. ती स्वतःच्या विचाराने आणि अनुभवाने झाली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या निर्णयास अवघ्या एका दिवसाचा मुहूर्त होता. पत्नीच्या निर्णयास पाच वर्षे लागली. त्या पाच वर्षांचे मोल धर्मांतराच्या इतिहासात क्वचितच मोजले गेले आहे.

भाषेच्या अभ्यासकास येथे एका क्रियापदाकडे लक्ष द्यावेसे वाटेल. ‘पाळणे’ हे मराठीत घरचे क्रियापद आहे. मुले पाळावयाची, गुरे पाळावयाची, वचन पाळावयाचे, आणि सोवळेही पाळावयाचे. मंडळीची काळजी वाहणाऱ्या धर्मसेवकास मराठी ख्रिस्ती समाजाने ‘पाळक’ म्हटले ते याच धातूवरून. मूळ कल्पना मेंढपाळाची असली, तरी मराठी कानास त्या शब्दात घरातील सारी जबाबदारी ऐकू येते. लक्ष्मीबाई सोवळे पाळत होत्या त्या काळात त्यांचे पती नव्या मंडळीचे गीत रचीत होते. एकीने पाळलेले दुसऱ्याने सोडले होते. परंतु पाळण्याची वृत्ती, म्हणजे श्रद्धा ही रोजच्या कृतीत सांभाळावयाची वस्तू आहे ही धारणा, दोघांत समान होती. पुढे सोवळे गेले, पण ती वृत्ती राहिली, आणि अनाथ व आजारी मुलांच्या शुश्रूषेस लागली.

‘मंडळी’ या शब्दाची कथाही अशीच आहे. ख्रिस्ती मराठीत मंडळी म्हणजे विश्वासणाऱ्यांचा समुदाय. व्यवहारातील मराठीत ‘घरची मंडळी’ म्हणजे कुटुंबातील माणसे, आणि जुन्या वळणाच्या गृहस्थाच्या तोंडी ‘आमची मंडळी’ म्हणजे त्याची पत्नी. नगरच्या टिळकांच्या घरी हे तिन्ही अर्थ एकत्र नांदत होते. पाहुणे, विद्यार्थी, निराश्रित मुले आणि कवी यांचा तेथे राबता असे. बालकवी ठोमरे यांनी काही काळ त्याच घरी वास्तव्य केले. बाजारासाठी दिलेले पैसे टिळकांच्या हातून भलत्याच कामी जात, आणि येणाऱ्याच्या पानात काय वाढावे हा प्रश्न लक्ष्मीबाईंस सोडवावा लागे. ‘स्मृतिचित्रे’त हे सारे हसत सांगितले आहे, तथापि त्या विनोदाखाली वर्षानुवर्षांचे कष्ट आहेत, हे वाचकाच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही.

या घरातून जी गीते निर्माण झाली त्यांची भाषा पाहिली असता तिचे वेगळेपण ध्यानात येते. आरंभीच्या भाषांतरित गीतांत देवाशी नाते राजाचे किंवा न्यायाधीशाचे असून भाषा आर्जवाची आहे. टिळकांच्या गीतांत ख्रिस्त हा गुरू आहे, सखा आहे, आई आहे. देवास ‘तू’ म्हणणे आणि आईच्या नात्याने हाक मारणे ही वारकरी संतांची रीत. मराठी मूल बापाशी अंतर ठेवून बोलते, पण आईस एकेरीत हाक मारते. ख्रिस्ती सिद्धांतातील ‘पिता’ न बदलता उपासकाच्या स्वरात त्यांनी हे मातृत्वाचे जवळिकीचे नाते आणले. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांची दोनशेंहून अधिक गीते समाविष्ट आहेत. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे होते, पण मंडळीच्या जिव्हेवर राहिला तो संपादक नव्हे, अभंगकार.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, स्वतःस संन्यासी म्हणविले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. येथे पुन्हा शब्द बोलका आहे. ‘मंडळी’स सभासदांची नोंद असते; बाप्तिस्मा ही तिची वेस आहे. ‘दरबार’ हा फारसीतून आलेला, साताऱ्याच्या मातीत मुरलेला शब्द. दरबारात ज्यास दाद मागावयाची तो येऊ शकतो. टिळकांच्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोहोंस स्थान होते. मिशनबद्दल त्यांच्या मनात वैर नव्हते. परकीय पैशावर चालणारी उपासना येथील माणसास आपली वाटणार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

परंतु हा संन्यास पत्नी आणि घर यांसहित होता. वेतन गेले, माणसे मात्र राहिली. पतीचा पहिला त्याग १८९५ मध्ये लक्ष्मीबाईंना न विचारता झाला होता. दुसऱ्या त्यागाच्या वेळी त्या त्याच्या भागीदार होत्या, आणि त्याचा हिशेबही मुख्यतः त्यांनाच जुळवावा लागला. गोंदवल्यास जे संसारात राहून साधावे असे सांगितले जात होते, ते साताऱ्यात या घराने आपल्या परीने करून पाहिले. प्रयोग दीर्घकाळ टिकला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे मुंबईत निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन करण्यात आले.

दरबार उठला, भाषा उरली. ती टिकविण्याचे श्रेय लक्ष्मीबाईंचे आहे. लग्नानंतर अक्षरे शिकलेल्या या बाईंनी कीर्तने केली. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या पश्चात बव्हंशी रचून काढले. आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या निवर्तल्या. त्यांच्या कवितासंग्रहाचे नाव ‘भरली घागर’ असे आहे. एकेकाळी ज्या घरात पाणी कोणाच्या हातचे चालावे हा श्रद्धेचा प्रश्न होता, त्या घरातील स्त्रीच्या काव्यास हे नाव लाभावे, यात तिच्या प्रवासाचे सार आले आहे.

१९७० मध्ये या परंपरेतील मंडळ्या ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त सामील झाल्या. संस्थांची नावे आणि अधिकार बदलले. टिळकांचे अभंग गाण्याचा प्रघात बदलला नाही. यावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित, पण महत्त्वाचा आहे. ख्रिस्ती उपासना मराठी झाली ती केवळ छंद व चाली बदलल्यामुळे नव्हे. देवाशी बोलण्याची भाषा आणि चुलीपुढे बोलण्याची भाषा एका घरात एक झाली, आणि ती एक होण्यापूर्वी त्या घरातील एका व्यक्तीस नकार देण्याची मुभा राहिली, म्हणून ती टिकाऊ झाली. पाळकाचे गीत मंडळीने स्वीकारले, त्याच्या आधी ते घरच्या मंडळीच्या कसोटीस उतरले होते.